तांबडा ठिपका

वस्तु विकतांना दिलेला शब्द किती दिवस टिकतो, हा प्रश्न आजचा नाहीं. बैलबाजारांत दाव्याला हात घालण्यापूर्वीं घेणारा "खोड तर नाहीं ना?" असें विचारी, आणि विकणारा चार लोकांसमक्ष "नाहीं" म्हणून सांगे. पुढें बैल मारका निघाला तर तेच चार लोक साक्षीला उभे राहत. आतां बाजार बदलला. विकणारा दूर देशीं जाऊन बसला, चार लोकांची जागा एका घडी घातलेल्या कागदानें घेतली, आणि तो कागद इतक्या बारीक अक्षरांत छापलेला असतो कीं तरुण डोळ्यांनींसुद्धां तो उजेडाकडे धरूनच वाचावा. या कागदाला बाजारांत वॉरंटी कार्ड म्हणतात. आपण हमीपत्र म्हणूं. या हमीपत्रापायीं आम्हांस पांच महिने एका मोठ्या कंपनीशीं झगडावें लागलें. ती हकीकत येथें सांगतों. कारण या अंकाचे वाचक असलेले विद्यार्थी आज ना उद्यां स्वतःच्या पैशानें वस्तु घेणार, आणि त्यांचे पालक तर रोजच घेत आहेत.

हमीपत्राला दोन तोंडें असतात. एक तोंड मोठ्या अक्षरांत बोलतें: एक वर्षाच्या आंत वस्तूंत कांहीं दोष निघाल्यास ती विनामूल्य दुरुस्त करून दिली जाईल. दुसरें तोंड बारीक अक्षरांत पुटपुटतें: अमुक झाल्यास नाहीं, तमुक आढळल्यास नाहीं. मी या दुसऱ्या तोंडाला दोष देत नाहीं. फोन विहिरींत पाडून नवा मागणारे लोकही जगांत आहेत, आणि अशांपासून कारखानदारानें स्वतःचें रक्षण करूं नये असें कोण म्हणेल? प्रश्न एवढाच कीं, "अमुक झालें" हें ठरवावयाचें कोणीं, आणि कशावरून? आमचा सगळा तंटा या एका प्रश्नाचा होता.

ता. १० जून २०२४ रोजीं आम्हीं एक मोबाइल फोन घेतला. किंमत १८,५०० रुपये. शिक्षकाच्या घरीं एवढा खर्च मुकाट्यानें होत नसतो. त्यावर चार रात्री चर्चा होते, आणि पांचव्या दिवशीं मुलांचा विजय होतो. थोरला मुलगा मिरजेस शिकावयास गेलेला, त्याच्याशीं बोलावयाचें. आणि धाकटी मुलगी सातवींत, तिला गणिताचे धडे त्यावर पाहावयाचे, अशी दुहेरी गरज होती. खोक्यावर पावसाचे थेंब अंगावर झेलणाऱ्या फोनचें सुरेख चित्र होतें आणि त्याखालीं 'आय. पी. ६७' हीं अक्षरें. हीं अक्षरें शोभेचीं नसतात. आंतरराष्ट्रीय विद्युत्तांत्रिक आयोगानें ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें त्यांतील ६ चा अर्थ धूळ मुळींच आंत शिरत नाहीं असा, आणि ७ चा अर्थ एक मीटर खोल पाण्यांत तीस मिनिटें राहिली तरी वस्तूला अपाय होईल इतकें पाणी आंत जात नाहीं असा आहे. ही परीक्षा प्रयोगशाळेंत, स्वच्छ पाण्यांत आणि नव्या कोऱ्या वस्तूवर होते, हेंही सांगितलें पाहिजे. समुद्राचें पाणी, साबणाचें पाणी, आपटून सांधा सैल झालेली वस्तु, यांविषयीं ती मुकी आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यांत फोनची विजेची भूक मंदावली. आधीं तो तासा-दीड तासांत भरत असे, तो चार तास घेऊं लागला; मग तापूं लागला; आणि १४ तारखेच्या रात्रीं जो मिटला तो उघडेना. ज्यानें विकला त्या दुकानदारानें आमचें म्हणणें सहानुभूतीनें ऐकून घेतलें आणि कंपनीच्या दुरुस्ती केंद्राचा पत्ता लिहून दिला. केंद्र जिल्ह्याच्या गांवीं, एस्. टी. नें दोन तासांची वाट. शनिवार, ता. १७ रोजीं मी व धाकटी तेथें जाऊन पोहोंचलों.

मेजापाशीं पंचविशीच्या आंतबाहेरचा एक तरुण होता, बोलावयास नम्र. त्यानें पावती पाहिली, हमीपत्र पाहिलें, एका सुईनें सिमकार्डाचा ट्रे बाहेर काढला, त्या फटींत विजेरीचा उजेड टाकला, आणि मान हालविली.

"सर, आंत पाणी गेलेलें आहे. हें वॉरंटींत बसत नाहीं."

"पण तुम्हीं फोन उघडून कोठें पाहिला?" मीं विचारलें.

"उघडायची गरज नाहीं, सर. ठिपका तांबडा झाला आहे. हे बघा."

मीं पाहिलें. फटीच्या आंत, मोहरीच्या दाण्याएवढा, गुलाबी झांक असलेला एक तांबडा ठिपका दिसत होता. हा ठिपका म्हणजे एक चिकटविलेली टिकली असते. कारखान्यांतून निघतांना ती पांढरी असते. तिला पाणी लागलें कीं तिच्या पोटांतील रंग विरघळून वर येतो आणि ती तांबडी होते. एकदां तांबडी झाली कीं पुन्हां पांढरी होत नाहीं. युक्ति साधी आहे व उपयोगाचीही आहे. परंतु त्या दिवशीं त्या टिकलीवर जेवढा भार टाकण्यांत आला तेवढा वाहावयास ती फारच लहान होती. दहा सेकंदांत निकाल लागला. मुख्य फलक बदलावा लागेल, खर्च ११,२०० रुपये, करावयाचें असल्यास सही करा, नसल्यास फोन परत घेऊन जा. फोन परत घेतला. त्याबरोबर एक छापील कागद मिळाला. त्यांत कारणाच्या रकान्यांत इंग्रजींत लिहिलें होतें त्याचा अर्थ असा: 'ग्राहकाच्या हातून पाण्यानें झालेला बिघाड.'

त्या तरुणाचा मला राग आला नाहीं. त्याच्यासमोर एक यादी ठेवलेली होती, ठिपका पांढरा असल्यास हें करा, तांबडा असल्यास तें करा, आणि त्यानें यादीप्रमाणें केलें. यादी करणारा मात्र तेथें नव्हता. तो कधींच तेथें नसतो.

परतीच्या गाडींत धाकटीनें तो कागद माझ्या हातून घेतला. आमच्या शाळेंत इंग्रजी बरें शिकवितात, त्यामुळें तिला तो वाचतां आला. बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "पप्पा, यांत ग्राहक म्हणजे मीच ना? संध्याकाळीं फोन माझ्याचकडे असतो."

"ग्राहक म्हणजे मी. पावती माझ्या नांवाची आहे."

"पण पाण्यांत मीं पाडला असेंच त्यांना म्हणायचें आहे. मीं पाडला नाहीं."

"ठाऊक आहे मला," मीं सांगितलें. आणि तें मला खरोखरच ठाऊक होतें. ज्या मुलीनें फुटलेल्या कपाची हकीकत कोणीं विचारण्यापूर्वीं येऊन सांगितली, तिनें फोन लपविला नसता. पण घरीं आल्यावर शेजारीपाजारी ज्यांनीं ज्यांनीं विचारलें त्यांनीं त्यांनीं तिच्याकडे पाहून हंसत "पाण्यांत पडला असेल हो, मुलांचे हात!" असाच शेरा मारला. छापील कागदाची अशी शक्ति असते. अकरा हजार रुपये ही माझ्या दृष्टीनें लहान रक्कम नव्हे; परंतु मी लेखणी उचलली ती त्या रकमेसाठीं नव्हे. बारा वर्षांच्या मुलीचा खरा शब्द एका टिकलीपुढें खोटा ठरला होता, आणि तो तसाच राहूं देणें मला शक्य नव्हतें.

आतां त्या टिकलीचा पुरावा शांतपणें तपासून पाहूं. ती तांबडी झाली यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं तिला केव्हां तरी ओल लागली. केव्हां, तें ती सांगत नाहीं. कोणाच्या हातून, तें सांगत नाहीं. किती, एक थेंब कीं घागर, तेंही सांगत नाहीं. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, फोन बंद पडला तो त्याच ओलीमुळें, हें तर ती मुळींच सांगत नाहीं. वर्गांत फळ्यावर कोणीं शिक्षकाचें व्यंगचित्र काढलें, आणि पहिल्या बाकावरील मुलाच्या बोटांना खडू लागलेला आढळला, एवढ्यावरून त्याला छडी मारणारा शिक्षक आपणांस आवडेल काय? खडू त्या मुलाच्या बोटांना फळा पुसतांनाही लागला असेल. पाण्याचा खरा पुरावा आंत असतो. पाणी मुख्य फलकापर्यंत पोहोंचलें असेल तर तांब्याच्या बारीक रेषांवर हिरवट गंज चढतो, जोडांवर पांढुरका क्षार सांचतो, आणि तो भिंगाखालीं दिसतो. तो पाहावयाचा तर फोन उघडावा लागतो, वेळ द्यावा लागतो. टिकली पाहावयास दहा सेकंद पुरतात.

शिवाय आमचा मुलूख कोंकणचा. जुलै-ऑगस्टांत येथील हवेंतील आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरांत असते. बरणींतलें मीठ पाणावतें, आगकाडी ओढली तर नुसती खरवडते, कपाटांतील वह्यांवर बुरशीची लव येते, आणि दोरीवरचे कपडे चौथ्या दिवशींही "अजून जरा" म्हणतात. कंपन्यांचें म्हणणें असें कीं नुसत्या दमट हवेनें टिकलीचा रंग बदलत नाहीं. तें खरेंही असेल. परंतु थंडगार यंत्रावर दमट हवा लागून जें दंव जमतें तें हवा नसून पाणी असतें. आणि कोंकणांतील दुकानांत, ऐन पावसाळ्यांत, पावसाच्या थेंबांचें चित्र दाखवून जो फोन विकला, त्याला कोंकणांतला पावसाळा सोसवूं नये, हें विक्रीच्या वेळीं कोणीं सांगितलें होतें?

माझा एक जुना विद्यार्थी जिल्हा न्यायालयांत वकिली करतो. त्याला दूरध्वनीवरून सर्व सांगितलें. तो म्हणाला, "सर, तुम्हीं आम्हांला निबंध लिहायला शिकवलें, पण इथें निबंध नको. रागाचें पत्र लिहूं नका, तारखांचें पत्र लिहा. आणि प्रश्न विचारा. उत्तर देणें त्यांना भाग पडेल असे." भाषेच्या शिक्षकास हा सल्ला थोडा झोंबणारा खरा, पण तो सोन्यासारखा होता. पहिला मसुदा चार पानांचा झाला होता व त्यांत विशेषणें पुष्कळ होतीं. तो मीं बाजूला ठेवला आणि एका पानाचें पत्र लिहिलें. खरेदीची तारीख, बिघाडाची तारीख, केंद्रांत नेल्याची तारीख, कागदाचा क्रमांक. नंतर चार प्रश्न. आपल्या केंद्रानें फोन उघडून पाहिला काय? पाहिला असल्यास मुख्य फलकावर गंज कोठें आढळला, त्याचें छायाचित्र पाठवावें. हमीपत्रांतील कोणत्या कलमाच्या आधारें दुरुस्ती नाकारली? आणि खोक्यावरील आय. पी. ६७ या अक्षरांचा आपण काय अर्थ करतां? पत्र २० ऑगस्टला गेलें. ई-मेलनेंही, आणि स्पीड पोस्टानेंही. प्रत घरीं ठेवली.

उत्तर २९ तारखेला आलें. त्यांत आमची गैरसोय झाल्याबद्दल दोनदां दुःख प्रदर्शित केलेलें होतें आणि चार प्रश्नांपैकीं एकाचेंही उत्तर नव्हतें. 'आमच्या धोरणाप्रमाणें' हे शब्द मात्र तीन वेळां आले होते. मीं २ सप्टेंबरला दुसरें पत्र पाठविलें. त्यांत तेच चार प्रश्न तसेच्या तसे पुन्हां लिहिले आणि वर एवढेंच जोडलें कीं, यांचीं उत्तरें आपल्या ता. २९ च्या पत्रांत दिसलीं नाहींत. त्या पत्राला उत्तरच आलें नाहीं.

मध्यंतरींच्या काळांत मीं थोडा अभ्यास केला, आणि तो मला फार मनोरंजक वाटला. इंग्लंडांत १८९१ सालीं एका औषधी कंपनीनें जाहिरात दिली कीं, आमचा धुराचा गोळा सांगितल्याप्रमाणें दिवसांतून तीनदां दोन आठवडे हुंगूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड देऊं. आमची निष्ठा दाखविण्यासाठीं १,००० पौंड बँकेंत ठेविले आहेत. श्रीमती कार्लिल या बाईंनीं तो गोळा नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत नेमानें हुंगला, आणि त्यांना इन्फ्लुएंझा झालाच. त्यांनीं शंभर पौंड मागितले. कंपनी म्हणाली, जाहिरात म्हणजे नुसती फुशारकी, तिला कोण करार म्हणतो? अपील न्यायालयानें १८९२ सालीं निकाल दिला कीं, करार म्हणावयाचा, पैसे द्या. आजही आपल्या देशांतील विधि महाविद्यालयांत हा खटला अगदीं आरंभींच शिकवितात. एका चिकाटीच्या बाईनें केवढें काम करून ठेविलें!

आपल्या देशांतही 'घेणाऱ्यानें सावध असावें' हा जुना दंडक होता. १९३० च्या माल विक्री कायद्यानें त्याला कांहीं अपवाद घातले, पण दाद मागावयाची तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि ती पायरी फार उंच. पुण्यास १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत स्थापन केली. गिऱ्हाइकांनीं एकत्र यावें हा विचार तेथून महाराष्ट्रांत पसरला. ता. २४ डिसेंबर १९८६ रोजीं ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली. म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. त्या कायद्याच्या जागीं २०१९ चा नवा कायदा आला व तो २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्यांतील एक सुधारणा आमच्यासारख्यांना वरदान आहे: पूर्वीं विकणाऱ्याचें ठाणें जेथें, किंवा तंट्याचें कारण जेथें घडलें, तेथें तक्रार करावी लागे, आतां तक्रारदार स्वतः जेथें राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढेंही ती करतां येते. वस्तूची किंमत पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी नाहीं. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत करावी. आणि वस्तूंतील दोष तपासल्यावांचून कळण्यासारखा नसेल तर आयोग ती वस्तु योग्य प्रयोगशाळेकडे पाठवूं शकतो, म्हणजे जें काम कंपनीनें दहा सेकंदांत उरकलें तें तो नीट करवून घेऊं शकतो.

थोरल्यानेंही मिरजेहून दोन बातम्या शोधून पाठविल्या. इटलींतील स्पर्धा-प्राधिकरणानें २०२० सालीं ॲपल कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला होता. फोन पाण्याला दाद देत नाहीं अशी जाहिरात करावयाची आणि पाणी गेल्याचें कारण दाखवून हमी मात्र नाकारावयाची, हा आक्षेपाचा एक भाग होता. ऑस्ट्रेलियांत २०२२ सालीं तेथील न्यायालयानें सॅमसंगच्या स्थानिक कंपनीला, कांहीं फोन तलावांत व समुद्रांत वापरतां येतील असा समज करून दिल्याबद्दल, एक कोटी चाळीस लाख डॉलर भरावयास लावले. या निकालांचें बंधन आपल्या आयोगावर नाहीं. पण आमची तक्रार विक्षिप्त नाहीं, एवढा धीर त्यांनीं नक्कीच दिला.

राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा १९१५ हा क्रमांक सरकारनें ठेविला आहे. मीं १८ सप्टेंबरला तेथें तक्रार नोंदविली. त्याचा परिणाम झाला. ता. ४ ऑक्टोबरला कंपनीच्या एका बाईंचा मधुर आवाजांत फोन आला: खास बाब म्हणून निम्म्या खर्चांत दुरुस्ती करून देऊं, ५,६०० रुपये भरा.

आमच्या घरांत या प्रस्तावावर दोन पक्ष पडले. मुलीच्या आईचें मत स्पष्ट होतें. "दोन फेऱ्यांचें भाडें, पोस्टाचा खर्च, तुमच्या दोन रजा, आणि रोजचा मनस्ताप. निम्म्यांत मिटतें आहे तर मिटवा. फोनवांचून मुलाचा आवाज ऐकायला शेजारीं जावें लागतें, तें मला जावें लागतें, तुम्हांला नाहीं." तिचें म्हणणें चुकीचें होतें असें मी आजही म्हणणार नाहीं. कंपन्यांचा सर्वांत मोठा वकील म्हणजे गिऱ्हाइकाचा कंटाळा. त्याला फी द्यावी लागत नाहीं, आणि तो बहुतेक खटले जिंकतो. ज्याच्या घरीं म्हातारें माणूस आजारी आहे, ज्याला एक दिवस खाडा केला तर मजुरी बुडते, त्यानें निम्म्यांत मिटविलें तर त्याला कोणीं नांवें ठेवूं नयेत. मला सुटीचे दिवस होते, लिहितां येत होतें, आणि फुकट सल्ला देणारा विद्यार्थी होता. प्रत्येकाला हें कोठून मिळणार?

निर्णय धाकटीनें केला. ती वही मिटून म्हणाली, "निम्मे पैसे म्हणजे निम्मा फोन मीं पाण्यांत पाडला, असें का?"

तिच्या आईनें तिच्याकडे पाहिलें, आणि मग मला म्हणाली, "लिहा तुम्ही काय लिहायचें तें." त्या दिवसापासून पोस्टाच्या पावत्या एका पाकिटांत तारीखवार लावण्याचें काम तिनेंच घेतलें.

ता. २१ ऑक्टोबरला नोटीस गेली. उत्तर नाहीं. ता. २५ नोव्हेंबरला जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली. मागणी तीन कलमांची होती: फोन विनामूल्य दुरुस्त करावा किंवा किंमत परत द्यावी, प्रवासाचा व पोस्टाचा खर्च द्यावा, आणि 'ग्राहकाच्या हातून पाण्यानें झालेला बिघाड' हा शेरा मागें घ्यावा. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, तिसरी मागणी कशाला? तिचे पैसे होत नाहींत." मीं म्हटलें, असूं दे.

जानेवारीच्या आरंभीं कंपनीच्या वकिलांनीं आपण होऊन निरोप पाठविला कीं, फोन आमच्यासमक्ष उघडून तपासावयास कंपनी तयार आहे. शनिवार, ता. १८ जानेवारी २०२५ रोजीं आम्ही पुन्हां त्या केंद्रांत गेलों. पुण्याहून एक वयस्क कारागीर आलेले होते. त्यांनीं चष्म्यावर भिंग चढविलें, मागची कांच ऊब देऊन सोडविली, आणि एकेक स्क्रू काढून कागदावर ओळीनें मांडला. धाकटी त्यांच्या कोपरापाशीं उभी होती. त्यांनीं तिला दूर केलें नाहीं, उलट भिंग तिच्या डोळ्याला लावून म्हणाले, "बघ बाळ, कोठें हिरवें दिसतें का?"

"नाहीं दिसत."

"मलाही नाहीं दिसत."

फलक कोरडा होता. विजेचा भरणा सांभाळणारा एक चौकोनी तुकडा मात्र तापून काळवंडला होता. मग त्यांनीं सिमकार्डाचा ट्रे उचलून उजेडांत फिरविला. त्या ट्रेच्या गळ्याशीं केसासारखें बारीक रबरी कडें असावें लागतें, ओल आंत जाऊं नये म्हणून. तें एका बाजूला दुमडून बसलेलें होतें, आणि दुमडीची घडी पक्की झाली होती. "हें बसवतांनाच असें बसलें," ते म्हणाले. हवेंतील ओल नेमकी त्या टिकलीपर्यंत येऊन तेथेंच थांबली होती. जळालेला तुकडा फोनच्या दुसऱ्या टोंकाला होता. इतक्या महिन्यांत या फोनविषयीं सरळ बोललेला हा पहिला मनुष्य. त्याचा पगारही कंपनीच देते, हें विसरतां कामा नये.

फलक त्याच दुपारीं बदलला. खर्चाबद्दल १,५०० रुपये देण्याचेंही व्यवस्थापकांनीं कबूल केलें. मग सहीसाठीं एक कागद पुढें आला. त्यांत म्हटलें होतें कीं, 'ग्राहकाच्या हातून बिघाड झालेला असतांही कंपनीनें केवळ सौजन्य म्हणून' दुरुस्ती करून दिली आहे.

मीं लेखणी खालीं ठेविली. व्यवस्थापक म्हणाले, "सर, हा ठरलेला मजकूर आहे. सगळेच सही करतात. तुम्हांला फोन मिळाला, पैसे मिळाले, आणखी काय पाहिजे?"

"कारण खरें लिहावें," मीं म्हटलें. "तेवढेंच पाहिजे. नाहीं तर तक्रार चालूं द्या. पुढची तारीख फेब्रुवारींत आहे."

त्यांनीं कोठें तरी फोन केला. अर्धा तास गेला. पुन्हां फोन केला. कारागीर आपलीं हत्यारें पेटींत भरीत होते, ते मान वर न करतां व्यवस्थापकांना म्हणाले, "साहेब, माझ्या तपासणीच्या कागदांत तर दोष घडणीचाच लिहिला आहे. दोन कागदांत दोन कारणें बरी दिसणार नाहींत." त्यानंतर फार वेळ लागला नाहीं. जुना कागद बाद झाला. नवा छापून आला, त्यांत कारणाच्या रकान्यांत दोनच ओळी होत्या: भरणा-मंडलांतील दोष, हमीखालीं मुख्य फलक बदलला. पाण्याचा उल्लेख नव्हता. मीं सही केली, व पुढच्या आठवड्यांत तक्रार निकालांत काढण्याचा अर्ज आयोगाकडे दिला.

नव्या ट्रेपाठीमागें नवी पांढरी टिकली बसविलेली होती. धाकटीनें ती विजेरीनें पाहून घेतली. मग तिनें तो कागद मागून घेतला, सगळा वाचला, आणि घरीं आल्यावर आईच्या पाकिटांत सर्वांत वर ठेवून त्यावर आपल्या हातानें तारीख घातली.